तेलविहिरीला अणुभट्टीची वाफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खनिज तेल उपसताना होणारं कार्बन उत्सर्जन अणुऊर्जेने कमी करता येईल का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा ऐरणीवर आला आहे. बाजूने बोलणारे तेलाला ‘स्वच्छ’ ठरवून मोकळे होतात आणि विरोधक अणुभट्टीचं नाव निघताच हात झटकतात. कुठलं उत्सर्जन, किती किलो आणि ते कशातून येतं, हे दोन्हीकडे राहून जातं. इथली उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

तेल जाळल्यावर उत्सर्जन होतं हे कळतं. पण नुसतं बाहेर काढताना कसं होतं?

तेल आपसूक वर येतं अशा विहिरी थोड्याच. बाकी ठिकाणी पंप लागतात, दाब टिकवायला पाणी किंवा वायू खाली सोडावा लागतो, वर आलेल्या मिश्रणातून तेल, पाणी आणि वायू वेगळे करावे लागतात. या सगळ्याला लागणारी ऊर्जा बहुतेक वेळा नैसर्गिक वायू जाळूनच मिळवतात. दुसरा वाटा मशालींचा. तेलाबरोबर आलेला वायू वाहून नेण्याची सोय नसली की तो जागच्या जागी पेटवून देतात, आणि जगभरात असा वर्षाला सुमारे १५० अब्ज घनमीटर वायू जळतो. तिसरा वाटा गळणाऱ्या मिथेनचा, आणि तोच सर्वांत मोठा.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये तेल आणि वायू उद्योगाच्या निव्वळ कामकाजातून ५.१ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. ऊर्जाक्षेत्राच्या एकूण उत्सर्जनाच्या हे १५ टक्क्यांच्या किंचित आत भरतं. ग्राहकाने गाडीत किंवा कारखान्यात जाळलेलं तेल यात धरलेलं नाही.

मग अणुऊर्जा यातलं काय काय थांबवू शकते?

फक्त पहिला वाटा, म्हणजे उष्णता आणि वीज मिळवण्यासाठी जाळलेलं इंधन. मशाली आणि गळती यांच्यावर अणुभट्टीचा काडीचाही उपयोग नाही. तिथे चांगल्या झडपा, वायू गोळा करणारे पाइप, सततची देखरेख आणि कडक नियम लागतात. ते काम तुलनेने स्वस्त आहे आणि त्यासाठी दहा वर्षं थांबावंही लागत नाही. म्हणून गळत्या तशाच ठेवून अणुभट्टीच्या योजना मांडणाऱ्या कंपनीला आधी गळत्यांबद्दल विचारलं पाहिजे, असं मी ठामपणे म्हणेन.

या चर्चेत सारखं कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचंच नाव का येतं?

कारण तिथलं तेल मुळात वाहतच नाही. अथाबास्का, कोल्ड लेक आणि पीस रिव्हर या तीन पट्ट्यांत मिळून सुमारे १ लाख ४२ हजार चौरस किलोमीटरवर वाळूच्या कणांना चिकटलेलं बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल, आहे. जमिनीखालच्या १० अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानाला ते इतकं घट्ट असतं की पंपाने ओढणं शक्यच नाही. वरच्या थरातली वाळू खणून, गरम पाण्याने धुऊन बिट्युमेन काढतात. पण साधारण ८० टक्के साठा खाणीसाठी फार खोल आहे. तिथे एकच उपाय उरतो, तो म्हणजे जमिनीच्या पोटात उष्णता पोहोचवणं.

यासाठी सर्रास वापरली जाणारी पद्धत रॉजर बटलर यांनी इम्पीरियल ऑइल या तेल कंपनीत असताना १९७० च्या दशकात विकसित केली. तेलाच्या थरात दोन आडव्या विहिरी खणतात, एकीच्या वर साधारण पाच मीटरवर दुसरी, आणि दोन्ही पुढे शेकडो मीटर समांतर जातात. वरच्या विहिरीतून वाफ सोडली जाते. वाफ आजूबाजूच्या वाळूत पसरते, थंड वाळूला भिडते आणि तिथेच पाणी होते. होताना ती आपली सुप्त उष्णता बिट्युमेनला देऊन टाकते. २०० अंशांच्या पुढे गेलेलं बिट्युमेन पातळ होऊन गुरुत्वाकर्षणाने खालच्या विहिरीत ओघळतं आणि पाण्याबरोबर वर उपसलं जातं. पाणी वेगळं करून, शुद्ध करून पुन्हा बॉयलरमध्ये जातं.

हे बॉयलर नैसर्गिक वायूवर चालतात आणि ते कधी थांबत नाहीत. अल्बर्टातली ऑइल सँड्स, म्हणजे बिट्युमेनच्या वाळूची ही क्षेत्रं, दिवसाला ३० लाख पिंपांहून जास्त तेल देतात आणि वर्षाला ८ कोटी टनांच्या वर उत्सर्जन करतात. रात्रंदिवस, एकाच जागी, एकाच तापमानाची प्रचंड उष्णता हवी असणारा असा उद्योग दुसरीकडे क्वचितच सापडेल. अणुभट्टीचं कामही नेमकं त्याच स्वभावाचं असतं. दोघांची गाठ घालावी असं अभियंत्यांना पुन्हा पुन्हा वाटतं ते म्हणूनच.

एका प्रकल्पाला किती उष्णता लागते? आकड्यांत सांगा.

दिवसाला ४० हजार पिंप बिट्युमेन काढणारा मध्यम आकाराचा प्रकल्प घेऊ. एका पिंपामागे तीन पिंप पाण्याची वाफ लागते असं धरू. प्रत्यक्षातला आकडा थराच्या गुणवत्तेप्रमाणे दोनपासून चारपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. म्हणजे दिवसाला १ लाख २० हजार पिंप पाणी. एका पिंपात १५९ लिटर, तर हे झालं सुमारे १९ हजार टन, अर्थात सेकंदाला २२० किलो वाफ. बॉयलरमध्ये परत येणारं पाणी आधीच गरम असतं, त्यामुळे किलोमागे साधारण २.२ मेगाजूल उष्णता धरली तर अखंड ५०० मेगावॅटच्या जवळपास औष्णिक शक्ती लागते.

वायूच्या भाषेत हेच गणित पिंपामागे सव्वा गिगाजूलच्या आसपास येतं आणि त्यातून सुमारे ७० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पूर्ण प्रकल्पाचा वर्षाचा हिशेब १० लाख टनांच्या घरात जातो. एका प्रकल्पाचा. थर चांगला असेल तर आकडा कमी येईल, पण अंदाजाला हे पुरेसं आहे.

एवढा खटाटोप कशाला? अणुविजेवर इलेक्ट्रिक बॉयलर चालवले तर?

चालतील, पण उधळपट्टी होईल. अणुभट्टीतल्या उष्णतेपासून वीज करताना जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. ती वीज तारांतून आणून पुन्हा तिची उष्णता करायची, तर ५०० मेगावॅट वाफेसाठी जवळपास दीड हजार मेगावॅट औष्णिक क्षमतेची भट्टी लागेल. उष्णताच हवी असेल तर उष्णताच न्यावी.

अडचण अंतराची आहे. वाफ पाइपातून दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे नेणं परवडत नाही, दाब आणि तापमान दोन्ही घसरतात. म्हणजे भट्टी तेलक्षेत्रातच बसवावी लागते, आणि हजार मेगावॅटची मोठी भट्टी एका प्रकल्पाला झेपत नाही. छोट्या अणुभट्ट्यांची चर्चा सुरू झाल्यावर हा विषय पुन्हा उचल खातो, त्याचं कारण हे.

अणुभट्टीतली वाफ सरळ जमिनीत सोडतात का? मग तेल किरणोत्सारी होणार नाही का?

नाही, सरळ सोडत नाहीत, आणि यामागचं पहिलं कारण तर किरणोत्साराचंही नाही. तेलक्षेत्रातून परत येणाऱ्या पाण्यात सिलिका, क्षार आणि तेलाचे अंश राहतात. तेलक्षेत्रातले खास बॉयलर अशा पाण्यावर तग धरतात, कारण ते सगळ्या पाण्याची वाफ करतच नाहीत. साधारण पाचवा हिस्सा पाणीच ठेवून क्षार त्यातून बाहेर काढतात. अणुप्रकल्पातल्या स्टीम जनरेटरला मात्र अत्यंत शुद्ध पाणी लागतं. म्हणून मध्ये आणखी एक उष्णता विनिमयक टाकावा लागतो. अणुभट्टीचं पाणी एका बाजूने फिरतं, तेलक्षेत्राचं दुसऱ्या बाजूने. दोन्ही कधीही एकत्र येत नाहीत, मधल्या धातूतून फक्त उष्णता पलीकडे जाते.

भट्टीच्या गाभ्यातली उष्णता वाहून नेणारं शीतक, स्टीम जनरेटरमधलं पाणी आणि जमिनीत जाणारी वाफ अशी तीन वेगळी चक्रं झाली. मधल्या चक्राचा दाब पहिल्यापेक्षा जास्त ठेवला तर नळीला चीर पडली तरी गळती भट्टीच्या दिशेने होते, बाहेर नाही. शिवाय मधल्या चक्रावर किरणोत्सार मोजणारी उपकरणं सतत चालू असतात. या व्यवस्थेची किंमत म्हणून प्रत्येक टप्प्यावर तापमान थोडं उतरतं, आणि पुढचा प्रश्न तिथूनच निघतो.

कुठल्या प्रकारची अणुभट्टी या कामाला योग्य?

प्रकल्पांच्या केंद्रीय बॉयलरमधून साधारण १०० बार दाबाची वाफ निघते; त्या दाबाला पाणी ३११ अंशांना उकळतं. साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांची वाफ २८५ अंशांच्या आसपास असते, कॅनडाच्या जड पाण्याच्या कँडू भट्ट्यांची २६० अंशांच्या जवळ. उथळ, कमी दाबाच्या थरांना ती पुरते. पण लांबवर न्यायची आणि मध्ये विनिमयकही टाकायचा म्हटलं की ती काठावर येते.

हेलियम वायूने थंड होणाऱ्या उच्च तापमानाच्या भट्ट्यांना ही अडचण नाही. चीनमधल्या शिदाओ खाडीतला प्रकल्प डिसेंबर २०२३ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाला. त्यात प्रत्येकी २५० मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या दोन भट्ट्या आहेत आणि हेलियम ७५० अंशांपर्यंत तापतो. वर केलेल्या हिशेबातल्या प्रकल्पाला हे माप जवळपास चपखल बसतं. अमेरिकेतल्या एक्स-एनर्जी कंपनीची आखणीही याच जातीची असून तिच्या एका भट्टीची औष्णिक क्षमता २०० मेगावॅट आणि वाफेचं तापमान ५६५ अंश आहे. मात्र तिला लागणारं जास्त समृद्ध युरेनियम आजघडीला जगात फार थोड्या ठिकाणी तयार होतं. पुरवठ्याचा हा प्रश्न भट्टीच्या रचनेइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही.

उद्योगाला अणुभट्टीतून वाफ देण्याचं काम कुठे प्रत्यक्षात झालं आहे का?

हो, आणि बऱ्याच आधीपासून. स्वित्झर्लंडमधलं गोसगेन अणुकेंद्र १९७९ पासून शेजारच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला वाफ पुरवत आलं आहे. कॅनडातच ऑन्टारिओ प्रांतात ब्रूस केंद्राच्या भट्ट्यांनी जड पाण्याच्या अवाढव्य कारखान्याला अनेक वर्षं वाफ दिली. तेलाच्या सर्वांत जवळचं उदाहरण चीनमधल्या तियानवानचं. तिथे जून २०२४ पासून तिसऱ्या आणि चौथ्या संचाच्या उष्णतेवर तयार झालेली वाफ लियानयुनगांगच्या पेट्रोकेमिकल संकुलाला जाते. क्षमता वर्षाला ४८ लाख टन. तिथेही भट्टीच्या दुय्यम चक्रातली वाफ वेगळ्या शुद्ध पाण्याला तापवते आणि ग्राहकाकडे जाते ती त्या दुसऱ्या पाण्याची वाफ.

तेलविहिरीत सोडण्यासाठी मात्र आजवर कुठेही व्यावसायिक अणुभट्टी बांधली गेलेली नाही.

तेल काढायला अणुबॉम्ब फोडायचा बेत होता, हे खरं की दंतकथा?

खरं आहे. १९५८ मध्ये रिचफिल्ड ऑइल कंपनीचे भूवैज्ञानिक मॅनली नॅटलँड यांनी अल्बर्टातल्या फोर्ट मॅकमरी गावाच्या दक्षिणेला जमिनीखाली ९ किलोटनांचा अणुस्फोट करायचा प्रस्ताव मांडला. स्फोटाच्या उष्णतेने बिट्युमेन वितळेल आणि तयार झालेल्या पोकळीत साठेल, मग साध्या विहिरीने ते उपसता येईल, अशी कल्पना होती. प्रकल्पाला आधी ‘कॉल्ड्रन’ म्हणजे कढई असं नाव दिलं. लोकांना ते खटकेल म्हणून पुढे ‘ऑइलसँड’ केलं. सरकारी समित्यांनी तो गांभीर्याने तपासला होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अणुचाचण्यांविरुद्ध मत तयार होत गेलं, कॅनडा सरकारने अंग काढून घेतलं आणि प्रस्ताव बारगळला.

बाकीच्यांनी असे प्रयोग प्रत्यक्ष केले. अमेरिकेने १९६७ मध्ये न्यू मेक्सिकोत २९ किलोटनांचा ‘गॅसबग्गी’ स्फोट वायूचं उत्पादन वाढवण्यासाठी केला, त्यानंतर कोलोरॅडोतही केले. वायू मिळाला, पण त्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन उतरला होता आणि तो विकता आला नाही. सोव्हिएत संघाने १९६६ मध्ये उझबेकिस्तानातल्या उर्ताबुलाकच्या वायूविहिरीची आग अणुस्फोटानेच विझवली.

आजच्या प्रस्तावांचा या स्फोटांशी तांत्रिक संबंध काहीच नाही. तरीही अल्बर्टात अणुऊर्जेचं नाव काढलं की जुन्या लोकांना ‘कॉल्ड्रन’ आठवतो, आणि सभेत तो प्रश्न आला तर त्याला हसून उडवू नये.

इतका जुना विचार आहे, तर अल्बर्टात अजून एकही अणुभट्टी का नाही?

२००७ मध्ये पीस रिव्हरजवळ कँडू भट्ट्या बांधण्यासाठी परवान्याचा अर्ज झाला होता. पुढच्या वर्षी ब्रूस केंद्र चालवणाऱ्या ब्रूस पॉवर कंपनीने तो प्रकल्प ताब्यात घेतला आणि डिसेंबर २०११ मध्ये सोडून दिला. मधल्या काळात शेल वायूमुळे, म्हणजे शेल खडकाच्या थरांतून काढलेल्या वायूमुळे, नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि अणुऊर्जेच्या बाजूचा आर्थिक मुद्दा ढासळला.

आता पुन्हा हालचाल आहे. २०२१ मध्ये अल्बर्टा छोट्या अणुभट्ट्यांबाबतच्या आंतरप्रांतीय करारात सामील झाला. २०२३ मध्ये सेनोव्हस कंपनीला ऑइल सँड्ससाठी छोट्या भट्ट्यांचा अभ्यास करायला प्रांताच्या उत्सर्जन-कपात निधीतून ७० लाख डॉलर मिळाले. पीस रिव्हरजवळच ४,८०० मेगावॅटपर्यंतच्या कँडू केंद्राचा नवा प्रस्ताव २०२५ मध्ये संघीय पर्यावरण तपासणीसाठी दाखल झाला. त्याचा भर मात्र विजेवर आहे, विहिरीतल्या वाफेवर नाही.

खर्चाचं गणित जुळतं का?

आज जुळत नाही. कसं ते पाहू.

आपला ४० हजार पिंपांचा प्रकल्प वर्षाला सुमारे १ कोटी ९० लाख गिगाजूल वायू जाळतो. अल्बर्टात वायू फार स्वस्त असतो. गिगाजूलला अडीच कॅनेडियन डॉलर धरले तर वर्षाची बचत ४.७ कोटी डॉलर. त्यात कार्बनची किंमत, म्हणजे उत्सर्जनाच्या दर टनामागे भरावे लागणारे पैसे, मिळवू. प्रांताने ती २०२५ मध्ये टनाला ९५ डॉलरवर गोठवली. १० लाख टनांचे पूर्ण पैसे वाचले असं मानलं तरी साडेनऊ ते दहा कोटी. प्रत्यक्षात इतके वाचत नाहीत, कारण कंपनीला ठरलेल्या पातळीच्या वरच्या उत्सर्जनाचेच पैसे भरावे लागतात आणि बाजारात त्याऐवजी चालणारी उत्सर्जन-कपातीची क्रेडिटं या दरापेक्षा बरीच स्वस्त मिळतात. एकूण बचत जास्तीत जास्त १५ कोटी डॉलरच्या आत.

आता दुसरी बाजू. ऑन्टारिओत डार्लिंग्टनला पाश्चात्त्य देशांतली पहिली मोठ्या ग्रिडला जोडली जाणारी छोटी अणुभट्टी बांधायला मे २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्या संचाचा खर्च ६.१ अब्ज कॅनेडियन डॉलर, आणि चारही संचांच्या सामायिक कामांचे १.६ अब्ज वेगळे. या संचाची औष्णिक क्षमता ८७० मेगावॅट आहे. त्याच प्रमाणात ५०० मेगावॅटला साडेतीन अब्ज लागतील. यावर ७ टक्क्यांनी नुसतं व्याजच वर्षाला जवळपास २५ कोटी. इंधन, कर्मचारी, सुरक्षा, विमा हे अजून धरलेलेच नाहीत.

पारडं दुसऱ्या बाजूला झुकवणाऱ्या गोष्टी आहेत: नुसती वाफच हवी असेल तर टर्बाइन आणि जनरेटरचा खर्च वाचतो, पाचवा-सहावा संच पहिल्यापेक्षा स्वस्त पडावा, वायूचे भाव वर जाऊ शकतात. पण ‘स्वस्त पडावा’ आणि ‘स्वस्त पडला’ यांत फार अंतर आहे. अमेरिकेतला न्यूस्केल या छोट्या भट्ट्यांच्या कंपनीचा युटामधल्या वीजसंस्थांसाठीचा प्रकल्प ५.३ वरून ९.३ अब्ज अमेरिकन डॉलरवर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एक वीटही न चढता रद्द झाला. माझ्या मते कार्बनची किंमत पुढची वीस वर्षं किती राहील याची पक्की हमी मिळेपर्यंत कुठलीही तेल कंपनी स्वतःच्या पैशाने हा धोका पत्करणार नाही, आणि तिने पत्करावा अशी अपेक्षा करण्यातही अर्थ नाही.

भट्टी देखभालीसाठी बंद ठेवली तर तेलाचं काय?

काही तास किंवा एखाद-दुसरा दिवस वाफ थांबली तर मोठं बिघडत नाही. शेकडो मीटर लांबीचा तापलेला थर आपली उष्णता सहजासहजी सोडत नाही. इंधन भरण्यासाठी काही आठवडे बंद ठेवायची तर वायूवरचे बॉयलर राखीव ठेवावेच लागतात. एकाऐवजी दोन-तीन लहान भट्ट्या असतील तर त्यांची पाळी लावता येते. गारगोट्यांसारख्या इंधनगोळ्यांच्या भट्टीत आणि कँडूमध्ये इंधन चालू अवस्थेतच बदलता येतं, हा त्यांचा इथला फायदा.

भट्टी साठ वर्षं चालते. तेल तितकी वर्षं पुरतं का?

मला हा प्रश्न पैशापेक्षाही मूलभूत वाटतो. विहिरींच्या एका जोडीचं आयुष्य साधारण दहा-पंधरा वर्षं. ती संपत आली की जवळच नवी जोडी खणतात, आणि दरवेळी विहिरी भट्टीपासून लांब सरकत जातात. वाफेच्या अंतराची मर्यादा तर वर सांगितलीच आहे. पूर्ण प्रकल्प तीस-चाळीस वर्षं चालेल असं धरलं, तरी भट्टीचं निम्मं आयुष्य उरतं. आणि या शतकाच्या मध्यापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं कॅनडाचं उद्दिष्ट खरोखर गाठायचं असेल, तर २०३५ च्या सुमारास उभ्या राहणाऱ्या भट्टीला तेलाचं गिऱ्हाईक फार काळ मिळता कामा नये.

मग भट्टी तेलासाठीच अशी बांधूच नये. सुरुवातीपासून वीज करण्याची सोय ठेवावी आणि जागा अशी निवडावी की ग्रिड जवळ असेल. आज वाफ जास्त आणि वीज कमी, उद्या उलट. टर्बाइनचा वाचलेला खर्च यात पुन्हा अंगावर येतो हे खरं, पण जंगलात एकटी पडलेली निरुपयोगी भट्टी त्याहून कितीतरी महाग पडेल. दुसरा धोकाही आहे: भट्टीचं कर्ज फेडायचं म्हणून तेल उपसत राहायचं. करारातच यावर अट घातली पाहिजे.

समुद्रातल्या तेलक्षेत्रांत किंवा इतर ठिकाणी याचा उपयोग आहे का?

समुद्रातल्या फलाटांवर वायूच्या टर्बाइनमधून वीज करतात. नॉर्वेने १९९६ पासून ट्रोल ए फलाटाला किनाऱ्यावरून केबलने वीज दिली आणि नंतर इतर क्षेत्रांनाही. तिथे ती वीज मुख्यतः जलविद्युत असते, पण अणुवीज असती तरी तंत्र तेच. फलाटावर भट्टी बसवण्याची काही गरज नाही. तरंगत्या अणुकेंद्रांचं एक चालू उदाहरण म्हणजे रशियाच्या अतिपूर्वेला पेवेकमधलं ‘अकादेमिक लोमोनोसोव’. ते २०२० पासून शहराला आणि परिसराला वीज अन् उष्णता देतं.

टेक्सासच्या पर्मियन तेलपट्ट्यात वाफेची गरज नाही, विजेची आहे. डायमंडबॅक या तेल कंपनीने २०२४ मध्ये ओक्लो या अणुकंपनीबरोबर ५० मेगावॅटसाठी बंधनकारक नसलेला इरादापत्राचा करार केला. अशा ठिकाणी पवन, सौर आणि ग्रिड हे पर्याय आधी तपासायला हवेत. ओमानमध्ये तर आरशांनी सूर्यप्रकाश एकवटून तेलविहिरींसाठी वाफ केली जाते.

कार्बन पकडून जमिनीत पुरणं किंवा वाफच कमी वापरणं, हे सोपं नाही का?

वाफ कमी करणं सोपं आहे आणि मी त्याला पहिला क्रमांक देईन. वाफेबरोबर हलकं हायड्रोकार्बन द्रावक सोडलं की बिट्युमेन कमी उष्णतेत पातळ होतं. इम्पीरियलने कोल्ड लेकमध्ये २०२४ पासून हे व्यावसायिक प्रमाणावर सुरू केलं. उत्सर्जनाची तीव्रता ४० टक्क्यांपर्यंत उतरू शकते, असं कंपनी सांगते. कार्बन पकडण्याचा मोठा बेत ‘पाथवेज’ या कंपन्यांच्या गटाचा आहे: वीसच्या आसपास प्रकल्पांतून गोळा केलेला वायू सुमारे ४०० किलोमीटर पाइपाने कोल्ड लेक भागात नेऊन पुरायचा, खर्च साडेसोळा अब्ज कॅनेडियन डॉलर. तोही सरकारी मदतीच्या वाटाघाटींत वर्षानुवर्षं अडकला आहे. शिवाय बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड विरळ असतो, त्यामुळे तो वेगळा करायला पुन्हा उष्णता लागते.

किरणोत्सारी कचरा कुठे जाणार?

कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वापरलेल्या इंधनाच्या खोल भूगर्भीय साठवणीसाठी वायव्य ऑन्टारिओतली वाबिगून लेक ओजिब्वे आणि इग्नेस परिसरातली जागा निवडली. ती तयार व्हायला बराच काळ आहे. तोवर वापरलेलं इंधन केंद्राच्या आवारातच राहील, म्हणजे अल्बर्टातही.

तिथल्या मूलनिवासी समाजांचं म्हणणं काय?

एकच एक म्हणणं नाही. काही समाज ऊर्जा प्रकल्पांत भागीदार आहेत, काहींचा कडवा विरोध आहे. उत्तर अल्बर्टाचा मोठा भाग मूलनिवासी समाजांशी झालेल्या १८९९ च्या आठव्या तहाखाली येतो आणि तिथे सल्लामसलत करणं सरकारवर कायद्याने बंधनकारक आहे.

अविश्वासाला ठोस कारणं आहेत. ग्रेट बेअर सरोवराकाठच्या पोर्ट रेडियम खाणीतल्या युरेनियम खनिजाची पोती १९३० आणि १९४० च्या दशकांत डेने या मूलनिवासी समाजाच्या पुरुषांनी पाठीवर वाहिली. धोक्याची कल्पना त्यांना कुणी दिली नव्हती. त्यातलं काही खनिज अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात गेलं हे कळल्यावर, स्वतःच फसवले गेलेल्या या समाजाचं एक शिष्टमंडळ १९९८ मध्ये क्षमा मागायला हिरोशिमाला गेलं. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये लक्षात आलेली ऑइल सँड्सच्या कर्ल खाणीतल्या गाळतळ्यांची गळती अथाबास्का नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या लोकांना २०२३ उजाडेपर्यंत नीट कळली नव्हती. ज्यांनी हे सोसलं त्यांच्याकडे आराखडा पूर्ण झाल्यावर सहीसाठी जाणं मला अन्यायाचं वाटतं. जागा ठरवतानाच त्यांचं म्हणणं विचारात घ्यायला हवं, नकारासकट.

अणुभट्टीच्या वाफेने काढलेल्या तेलाला ‘शून्य कार्बन तेल’ म्हणता येईल?

नाही. एक पिंप तेल वापरात जळलं की साधारण ४३० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. अणुभट्टी वाचवते ते उपशातले ७० किलो. वाहतूक आणि शुद्धीकरणाचं उत्सर्जन आणखी वेगळं. म्हणून जाहिरातीत ‘उत्सर्जन ९० टक्क्यांनी कमी’ असं दिसलं की कशाच्या ९० टक्के, हे शोधावं. बॉयलरच्या असतील तर खरंही असेल. पिंपाच्या पूर्ण आयुष्याच्या असणं शक्य नाही.

वाचलेला वायू कुठे जातो हेही पाहावं. तो जमिनीखालीच राहिला तर बचत पूर्ण. द्रवरूप करून निर्यात झाला आणि दुसऱ्या देशात जळला, तर उत्सर्जनाचा फक्त पत्ता बदलला. तिथे त्याने कोळसा हटवला तर काही फायदा, नाहीतर शून्य.

तरी ७० किलो क्षुल्लक नाहीत. तेलाचा वापर एका रात्रीत थांबणार नाही, आणि तो उतरत जाण्याच्या काळात जे पिंप निघणारच आहे ते कमी उत्सर्जनात निघावं, यासाठी झटणं योग्यच आहे. अट एवढीच की या कपातीच्या नावावर एकही जास्तीचं पिंप मंजूर होऊ नये.

येत्या काही वर्षांत कशावर लक्ष ठेवावं?

तीन ठिकाणांवर. पहिलं डार्लिंग्टन: पहिला संच २०३० अखेर, ठरलेल्या खर्चात पूर्ण होतो का. दुसरं टेक्सासमधलं सीड्रिफ्ट: तिथल्या डाऊ कंपनीच्या रसायन कारखान्याला वाफ आणि वीज देण्यासाठी एक्स-एनर्जीच्या चार भट्ट्यांचा बांधकाम परवान्याचा अर्ज मार्च २०२५ मध्ये दाखल झाला. कारखान्याच्या आवारात उच्च तापमानाची भट्टी, ही तेलक्षेत्राच्या गरजेच्या सर्वांत जवळ जाणारी परीक्षा आहे. तिसरं अल्बर्टाचं कार्बन किमतीचं धोरण. पहिल्या दोन ठिकाणी यश मिळालं आणि तिसरीकडे किंमत घसरली, तर ऑइल सँड्समधले वायूचे बॉयलर आहेत तसेच चालू राहतील.